कृपा आणि मोह : ख्रिस्ती श्रद्धेतील एका संकल्पनेची ओळख

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९३ वे अधिवेशन १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरले. वसईचे कॅथलिक धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे अध्यक्ष होते. या पदावर ख्रिस्ती धर्मगुरूची निवड होण्याची ती पहिलीच वेळ. त्या निमित्ताने मराठीतील ख्रिस्ती साहित्याची बरीच चर्चा झाली. फादर स्टीफन्स यांचे सतराव्या शतकातील 'क्रिस्तपुराण', रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची कविता, लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' आणि स्वतः दिब्रिटो यांचा 'सुबोध बायबल' हा अनुवाद यांची नावे पुन्हा एकदा घेतली गेली. ज्या श्रद्धेतून हे साहित्य निर्माण झाले, तिच्या गाभ्याशी असलेल्या कल्पनांची ओळख मात्र सर्वसाधारण मराठी वाचकाला फारशी नसते. 'कृपा' ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची कल्पना होय.

ख्रिस्ती धर्मात पापांची क्षमा मिळते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यावरून एक शंका साहजिकच मनात येते. क्षमा फुकट मिळणार असेल, तर मोह टाळण्याची धडपड माणसाने करावीच कशाला? दुसरी शंका याच्या नेमकी उलट आहे. मोह आवरायचा तो आपल्याच निग्रहाने, तर देवाच्या कृपेचे काम काय उरते? ख्रिस्ती विचारवंतांनी या दोन्ही शंकांना जवळजवळ दोन हजार वर्षे उत्तर दिले आहे. त्याचा सारांश असा सांगता येईल, की कृपा ही केवळ पडल्यानंतर मिळणारी माफी नाही. पडण्याआधी, पडता पडता आणि पडल्यानंतर अशा तिन्ही वेळी मिळणारे ते बळ आहे. हे बळ माणसाच्या प्रयत्नांची जागा घेत नाही, तर त्या प्रयत्नांना शक्य करते.

शब्द आणि त्यांचे अर्थ

बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात कृपेसाठी 'खारिस' हा शब्द आहे. अपात्र माणसावर दात्याने आपण होऊन केलेला अनुग्रह, असा त्याचा अर्थ आहे. मजुरी, हक्क किंवा परतफेड या कल्पनांचा त्यात लवलेश नाही. लॅटिनमध्ये त्याचा 'ग्रात्सिया' झाला आणि मराठीत 'कृपा'. भागवत संप्रदायाने हा शब्द मराठी मनात आधीच रुजवलेला असल्यामुळे बायबलच्या मराठी अनुवादकांना तो शोधत हिंडावे लागले नाही.

मोहाच्या बाबतीत मात्र अनुवादकांपुढे खरी अडचण होती. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' असा आहे आणि त्याचे अर्थ दोन आहेत : कसोटी आणि भुरळ. म्हणूनच मराठी बायबलमध्ये हा शब्द कोठे 'परीक्षा' म्हणून, तर कोठे 'मोह' म्हणून येतो. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत हाच शब्द आहे आणि त्यावरून अलीकडेच जगभर चर्चा झाली. देवानेच आम्हाला मोहात नेऊ नये, असा अर्थ निघणारी जुनी वाक्यरचना फ्रेंच भाषिक कॅथलिकांनी डिसेंबर २०१७ पासून बदलली. इटलीतील नवी उपासनापुस्तिका २०२० च्या अखेरीस वापरात आली आणि तेथेही हा बदल झाला. लेकराला खड्ड्यात ढकलून ते कसे पडते हे पाहत बसणारा बाप देव नव्हे, असे पोप फ्रान्सिस यांनी त्या संदर्भात सुचवले होते. नव्या कराराच्या याकोबाच्या पत्रातही देव कोणाला मोहात घालत नाही, माणसाची स्वतःचीच वासना त्याला ओढत नेते, असे प्रतिपादन आहे.

याच पत्रात मोह आणि पाप यांतील फरक गर्भधारणेच्या रूपकातून समजावला आहे. आधी वासना जागी होते, तिला मनाची संमती मिळाली की पाप जन्माला येते आणि पाप वाढत गेले की त्याचा शेवट मृत्यूत होतो. म्हणजे मनात विचार येणे हे पाप नव्हे, त्याला दिलेली संमती हे पाप होय. शुभवर्तमानांनुसार येशूलाही अरण्यात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर मोह झाला. भुकेल्या पोटी भाकरीचा, चमत्कार दाखवून लोकांना दिपवण्याचा आणि सर्व राज्यांवरील सत्तेचा असे ते तीन मोह होते. ज्याला मोह झाला तो पापी, असे मानले तर ही कथाच अर्थहीन ठरते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर येशूला सर्व प्रकारे मोह झाला होता, म्हणूनच तो दुर्बळांचे दुःख जाणू शकतो आणि म्हणूनच त्याच्याकडे न भिता जावे, असा दिलासा दिला आहे.

मराठी वाचकाला काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे षड्रिपू परिचित आहेत. ख्रिस्ती परंपरेतही अशी एक यादी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने माणसाला छळणारे आठ विचार नोंदवले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरी यांनी त्यांची फेरमांडणी केली आणि त्यातून पुढे गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस ही सात मूळ पापांची यादी रूढ झाली. दोन्ही याद्यांत बरेच साम्य आहे. ख्रिस्ती यादीत गर्वाला सर्व पापांचे मूळ मानले आहे, आणि कृपेचा विचार करताना याला विशेष महत्त्व आहे. 'मला कोणाची गरज नाही' असे म्हणणारा माणूस कृपेसाठी हात पुढे करूच शकत नाही.

निग्रहाची मर्यादा

कृपेची गरज का भासते, हे समजण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला दूर जावे लागत नाही. जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. त्यांची कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठलनामात दंग होऊन चिखल तुडवताना रांगते मूल पायाखाली गेले आणि संतापलेल्या पत्नीने विठोबाची शपथ घालून आपल्याला स्पर्श करू नका असे सांगितले. गोरोबांनी ती शपथ अक्षरशः पाळली. पुढे झोपेत हातांचा स्पर्श घडला, तेव्हा त्यांनी ते हातच तोडून टाकले. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात विठ्ठलनामाचा गजर होत असताना ते हात परत आले, अशी श्रद्धा आहे.

ही कथा वारकरी भक्तीची आहे आणि तिचा अर्थ त्या परंपरेतच शोधायला हवा. तरीही बायबल वाचणाऱ्याला तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. उजवा हात पापाला कारण होत असेल तर तो तोडून टाकावा, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात म्हटले आहे. चर्चने हे वचन शब्दशः घेतले नाही. पापाच्या निमित्तापासून कठोरपणे दूर राहावे, असाच त्याचा अर्थ लावला गेला. इतकेच नव्हे, तर स्वतःच्या हाताने अंगच्छेद करून घेणाऱ्यास धर्मगुरुपद देऊ नये, असा नियम इसवी सन ३२५ मध्ये निकेया येथील धर्मपरिषदेने केला. हात तोडला तरी मन शिल्लक राहते, हे त्यामागचे तत्त्व. मोहाचे मूळ मनात असेल, तर उपाय मनापर्यंत पोहोचला पाहिजे आणि स्वतःचे मन स्वतःच बदलणे हीच तर माणसाची सर्वांत मोठी अडचण आहे.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात ही अडचण विलक्षण प्रांजळपणे मांडली आहे. जे चांगले आहे ते करावेसे वाटते, पण हातून घडत नाही आणि जे नकोसे वाटते तेच घडून जाते, अशी ती कबुली आहे. पौल हा नियमशास्त्रात पारंगत असलेला परूशी होता. काय करावे आणि काय करू नये, हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ज्ञान होते, निश्चय होता, पण सामर्थ्य नव्हते. दारू सोडण्याची शपथ दर सोमवारी घेणाऱ्या आणि शनिवारी मोडणाऱ्या माणसाला पौलाची ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

पौलाचे उत्तर

याच पत्रात पौलाने पहिल्या शंकेलाही उत्तर दिले आहे. पाप वाढले तेथे कृपा अधिक वाढली असेल, तर कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावे काय, असा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो आणि तत्काळ ठाम नकार देतो. त्याचे कारण तो बाप्तिस्म्याच्या अर्थातून सांगतो. बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्ताबरोबर मेला आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनासाठी उठला, अशी श्रद्धा आहे. ज्या घराचा मालक बदलला, त्या घरात जुन्या मालकाची सत्ता चालू देण्याचे कारण नाही. पाप अजूनही दार ठोठावते, पण आता ते धनी नाही.

तीताला लिहिलेल्या पत्रात कृपेला शिक्षिकेची भूमिका दिली आहे. ती वासनांना नकार द्यायला आणि संयमाने जगायला शिकवते. हे रूपक लक्षात घेण्यासारखे आहे. शिक्षिका विद्यार्थ्याच्या वतीने परीक्षा देत नाही, पण ती नसेल तर विद्यार्थ्याला अक्षर लावता येत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या देहात रुतलेल्या एका काट्याविषयी लिहितो. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, या आशयाचे उत्तर मात्र मिळाले. मोहाचा समूळ नाश होईल, असे आश्वासन ख्रिस्ती श्रद्धा देत नाही, तर मोह असतानाही टिकून राहता येईल, असे देते.

मतभेद आणि निर्णय

कृपा आणि माणसाचा प्रयत्न यांचे प्रमाण किती, हा वाद पाचव्या शतकात पेटला. पेलागियस या ब्रिटिश तपस्व्याचे म्हणणे असे, की देवाने माणसाला इच्छाशक्ती दिली आहे, ती वापरून त्याने निष्पाप जगावे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. ऑगस्टीन तरुणपणी विषयासक्तीत गुरफटले होते आणि त्यातून सुटण्याची धडपड त्यांनी 'कन्फेशन्स' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. इच्छाच आजारी असेल तर ती स्वतःला बरी कशी करणार, हा त्यांचा प्रश्न होता. इसवी सन ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण फेटाळली. कृपा ही केवळ झालेल्या पापांच्या क्षमेपुरती नसून पुढील पापे टाळण्यासाठीही साहाय्य करते, हे तेथे स्पष्टपणे मान्य झाले. माणसाच्या मनात देवाकडे वळण्याची जी पहिली ओढ निर्माण होते, तीसुद्धा कृपेमुळेच, असे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने ठरवले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी माणूस श्रद्धेने, केवळ कृपेनेच नीतिमान ठरतो, या मुद्द्यावर जोर दिला. ट्रेंट येथील कॅथलिक परिषदेने कृपेचे अग्रस्थान मान्य केले, मात्र तिला माणसाने दिलेल्या प्रतिसादाचे आणि संस्कारांचे महत्त्वही अधोरेखित केले. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी माणसाला जाग येण्यापूर्वीच काम करू लागणाऱ्या पूर्वगामी कृपेवर आणि आयुष्यभर चालणाऱ्या पवित्रीकरणावर भर दिला. त्यांच्या मेथडिस्ट मंडळ्यांसाठी १७४३ मध्ये केलेल्या नियमांत मद्यपानाला आणि दारूच्या खरेदी-विक्रीला मनाई होती. कृपेचा प्रचार करणाऱ्या माणसानेच असे कडक नियम करावेत, यात त्यांच्या दृष्टीने विसंगती नव्हती. कृपा मिळालेला माणूस जाणूनबुजून काठावर चालत नाही, असे ते मानत.

मराठी भाषिक ख्रिस्ती समाजात या सर्व प्रवाहांचे वारसदार आहेत. वसईत सोळाव्या शतकापासूनची कॅथलिक परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढे अहमदनगर, सोलापूर या भागांत पसरले. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज तो १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद कॅथलिक धर्मप्रांतात मोडतो. या संपूर्ण मराठवाड्यात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. लहानशा मंडळीत एकाचे पडणे आणि सावरणे सर्वांना दिसते, म्हणून कृपेचा प्रश्न तेथे पुस्तकी राहत नाही.

कृपेची साधने

कृपा ही देवाची देणगी असली तरी ती स्वीकारण्याचे मार्ग चर्चने सांगितले आहेत. त्यांना कृपेची साधने म्हणतात.

पहिले साधन प्रार्थना. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना मोहात पडू नये म्हणून जागे राहून प्रार्थना करायला सांगितले. शिष्य झोपी गेले. जीव गेला तरी तुला सोडणार नाही, अशी ग्वाही देणाऱ्या पेत्राने त्याच रात्री येशूला तीनदा नाकारले. तेरला संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे मारून मडकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही आख्यायिका या प्रसंगी आठवते. नामदेव त्यानंतर गुरूच्या शोधात गेले, तर पेत्राला पुनरुत्थित येशूने स्वतः शोधून काढले आणि मेंढरे राखण्याचे काम सोपवले. कच्चे निघालेले मडके फेकून द्यायचे नसते, हे दोन्ही कथा सांगतात. बायबलमध्ये संदेष्टा यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, तेव्हा चाकावर बिघडलेल्या मातीचेच दुसरे भांडे घडवलेले त्याला दिसते.

दुसरे साधन शास्त्रवाचन. अरण्यात येशूने प्रत्येक मोहाला शास्त्रवचनाने उत्तर दिले. ऐनवेळी सुचावे म्हणून वचन आधीच मनात असावे लागते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला, तो अल्पशिक्षित स्त्रियांनाही ते स्वतः वाचता यावे म्हणूनच. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर १९२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

तिसरे साधन संस्कार. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाच्या वेळी पापाचे नाव उच्चारावे लागते, पश्चात्ताप व्यक्त करावा लागतो आणि पुन्हा तसे न करण्याचा निश्चय करावा लागतो. लपवलेले पाप अंधारात वाढते, उच्चारलेल्या पापाची पकड सैल होते, असा अनुभव सांगितला जातो. ख्रिस्तप्रसादाला, अर्थात प्रोटेस्टंटांच्या प्रभुभोजनाला, आत्म्याचे अन्न मानले आहे. इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धतही येथे उपयोगी पडते. दिवस संपताना कोठे देवाचे साहाय्य लाभले आणि कोठे पाय घसरला, याचा शांतपणे आढावा घेणे, असे तिचे स्वरूप आहे. मोह बहुधा त्याच वेळी, त्याच जागी आणि त्याच सोबतीत येतो, हे त्यातून कळू लागते.

चौथे साधन मंडळी. एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा नव्या करारात आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील गीते एकत्र गाण्याची परंपरा आहे आणि त्यांत टिळकांच्या रचनांना मोठे स्थान आहे. एकटा माणूस मोहापुढे लवकर नमतो, चारचौघांत त्याला आधार आणि थोडा धाकही मिळतो.

मराठी चरित्रांतून

कृपेचे काम एका क्षणात पुरे होत नाही, हे मराठी ख्रिस्ती चरित्रांतून दिसते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी मिळाला, अशा अर्थाची कबुली त्यांनी नंतर दिली. आपल्या गुणांवर नव्हे, तर देवाच्या देणगीवर विसंबायचे, हे उमगायला त्यांच्यासारख्या विदुषीलाही वेळ लागला.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. पतीच्या धर्मांतरानंतरही त्यांनी सोवळेओवळे कसोशीने पाळले. माणसामाणसांतील शिवाशीव देवाने निर्माण केलेली नाही, हे त्यांना पुढे आतूनच पटले आणि मग कोणाच्याही हातचे पाणी पिण्याला त्यांची हरकत उरली नाही. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हा बदल नेहमीच्या मिस्कील साधेपणाने सांगितला आहे. जन्माचा अभिमान हाही एक मोह आहे आणि तो बाहेरच्या सक्तीने सुटत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

व्यसनमुक्ती आणि 'कृपा'

या संकल्पनेचा आधुनिक काळातील सर्वांत ठळक उपयोग व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात झाला. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्यांतील पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपण हतबल आहोत, याची कबुली. आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला सावरू शकते, हा विश्वास ही दुसरी आणि तिच्या हाती स्वतःला सोपवणे ही तिसरी. चळवळ कोणत्याही धर्माची नाही, तरी या तीन पायऱ्यांत पौलाच्या कबुलीचा आणि त्याला मिळालेल्या उत्तराचा क्रम ओळखू येतो.

महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईच्या वांद्रे भागातील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात व्यसनमुक्तीचे काम सुरू केले. संस्थेचे नाव त्यांनी 'कृपा फाउंडेशन' असे ठेवले. परेरा स्वतः मद्यासक्तीतून बाहेर आले होते आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे योगशिष्यही होते. बारा पायऱ्या, समुपदेशन आणि योगासने यांची सांगड त्यांनी घातली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा केंद्रांत 'फक्त आजचा दिवस' ही शिस्त शिकवली जाते. आयुष्यभराची शपथ माणसाला पेलत नाही, एका दिवसाची पेलते. रोजची भाकर आज दे, असे मागायला शिकवणाऱ्या येशूच्या प्रार्थनेशी या शिस्तीचे नाते उघड आहे.

व्यसन हा आजारही आहे आणि त्यावर वैद्यकीय उपचार असतात. कृपेवर श्रद्धा म्हणजे औषधाला नकार, असे जबाबदार धर्मगुरू सांगत नाहीत. डॉक्टर, समुपदेशक आणि पाठीशी उभे राहणारे कुटुंब हेही कृपेचेच मार्ग, अशी त्यांची धारणा असते.

स्वस्त कृपेचा धोका

कृपेच्या नावाखाली होणाऱ्या गैरवापराची दखल ख्रिस्ती विचाराने स्वतःच घेतली आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' हा शब्दप्रयोग केला. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि अनुसरणाशिवाय श्रद्धा, असे तिचे वर्णन करता येते. हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकवून रविवारी क्षमेची प्रवचने देणारे चर्च त्यांच्या डोळ्यांसमोर होते. बॉनहॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत फाशी देण्यात आले. कृपा फुकट असते, पण स्वस्त नसते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

हा धोका संपलेला नाही. बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्याला क्षमा कर, असा उपदेश तिला केला जातो आणि त्याच्याकडे मात्र कोणी जाब मागत नाही, तेव्हा कृपेचा उपयोग अन्याय झाकण्यासाठी होतो. संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी अपराध्याला माफी आणि पीडिताला गप्प राहण्याचा सल्ला, असे प्रकार जगभरच्या चर्चमध्ये उघड झाले आहेत. शुभवर्तमानातील जक्कय या जकातदाराला येशूने आपण होऊन जवळ केले. पण त्यानंतर जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर केले. कृपा आधी आली, भरपाई तिच्यामागून आली. भरपाई टाळणारा पश्चात्ताप खरा मानता येत नाही.

दुसरा धोका निराशेचा आहे. तेच पाप पुन्हा घडले की कृपेने आपल्याला सोडले, असे श्रद्धाळू माणसाला वाटू लागते. ख्रिस्ती गुरूंनी या निराशेलाच मोठा मोह म्हटले आहे, कारण ती माणसाला उठण्याचा प्रयत्नही करू देत नाही. माणसाच्या कुवतीपलीकडचा मोह देव येऊ देत नाही आणि मोहाबरोबर सुटकेची वाटही ठेवतो, असे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले होते. ती वाट बहुधा साधीच असते : त्या रस्त्याने न जाणे, त्या मित्राला नाही म्हणणे, रात्री उशिरा पाळकाला किंवा सोबत्याला फोन करणे, रागाच्या भरात घराबाहेर एक फेरी मारून येणे. ती वाट दिसणे आणि तिच्यावर पहिले पाऊल टाकण्याची इच्छा होणे, यालाच ख्रिस्ती माणूस कृपा म्हणतो. ते पाऊल मात्र त्याचे त्यालाच उचलावे लागते.